घरगुती मसाला विकायचाय? कोणते परवाने लागतात, किती खर्च येतो आणि कुठे एक रुपयाही द्यायचा नाही, वाचा सविस्तर

थोडक्यात

- घरातून, राज्यातल्या राज्यात छोटा मसाला व्यवसाय सुरू करायचा तर पहिल्या वर्षीचे सरकारी शुल्क साधारण ३,५०० रुपये.
- उद्यम नोंदणी आणि जीएसटी नोंदणी या दोन्हींना सरकारी शुल्क शून्य.
- परराज्यातल्या ग्राहकाला मसाल्याचे एक पाकीट विकले तरी नियम बदलतो.
- परवान्यापेक्षा महाग पडतात त्या तीन गोष्टी: न लागणारी नोंदणी, विसरलेली तारीख आणि हंगामात अडकलेले भांडवल.

फेब्रुवारी संपत आला की कोल्हापुरात मिरचीची चर्चा सुरू होते. ब्याडगी किती घ्यायची, संकेश्वरी किती, रंगाला कोणती आणि तिखटाला कोणती, याचे प्रत्येक घराचे गणित ठरलेले असते. मार्च ते मे या काळात डंकांपुढे रांगा लागतात आणि वर्षाचा कांदा-लसूण मसाला डब्यात भरला जातो. याच दिवसांत एक वाक्य अनेक घरांत ऐकू येते: "तुमच्या मसाल्याला चव आहे, विकायला का काढत नाही?"

विकायला काढायचे ठरले की पहिला प्रश्न येतो लायसन्सचा. इथेच गोंधळ सुरू होतो. एक जण सांगतो, घरगुतीला काही लागत नाही. दुसरा सांगतो, जीएसटीशिवाय एक पाकीटही विकता येणार नाही. तिसरा 'सगळी कागदपत्रे करून देतो' म्हणत काही हजारांचे पॅकेज पुढे करतो. या तिघांपैकी पूर्ण बरोबर कुणीच नाही.

या लेखात कोल्हापूर परिसरातला छोटा मसाला व्यवसाय उदाहरण म्हणून घेतला आहे. पापड, चटण्या, लोणची किंवा फराळाचे पदार्थ विकायचे असले तरी बराचसा हिशेब हाच राहतो. नियम आणि शुल्क २०२५च्या अखेरीस लागू असलेले आहेत. मसाल्याचे भाव, भाडे आणि विक्रीचे आकडे मात्र केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

सुरुवात कुठून करायची?

परवान्यांची यादी पाठ करण्यापेक्षा स्वतःला चार प्रश्न विचारा. वर्षाला किती विकणार? कुठे विकणार? कुठे बनवणार? आणि किती जण काम करणार? इंजिनीअरिंगच्या भाषेत हा एक साधा फ्लोचार्ट आहे. प्रत्येक उत्तरानुसार एखादी नोंदणी यादीत येते किंवा यादीतून जाते. उत्तरे ठरण्याआधी कुणालाही पैसे देऊ नका.

प्रश्न पहिला: वर्षाला किती विकणार?

खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी टाळता येत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात बनवा किंवा कारखान्यात, 'एफएसएसएआय'चा क्रमांक लागतोच. राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते आणि अर्ज 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर करायचा असतो.

वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असेल तर फक्त मूलभूत नोंदणी पुरते. तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये. एक ते पाच वर्षांसाठी एकदम नोंदणी करता येते. पाच वर्षांचे ५०० रुपये एकदाच भरले की दर वर्षी नूतनीकरणाची आठवण ठेवावी लागत नाही. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा ही मुख्य कागदपत्रे.

१२ लाख म्हणजे महिन्याला एक लाखाची विक्री. मसाल्याचा भाव किलोला ५०० रुपये धरला तर महिन्याला २०० किलो. घरातून सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना पहिल्या वर्षी ही मर्यादा गाठणे अवघड आहे. ती ओलांडली तर मात्र राज्य परवाना घ्यावा लागतो. दिवसाला एक टनापेक्षा कमी उत्पादन करणाऱ्यासाठी त्याचे शुल्क वर्षाला ३ हजार रुपये आहे. परवानाधारक उत्पादकाला दर वर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक विवरणपत्रही भरावे लागते आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये दंड लागतो. १०० रुपयांच्या मूलभूत नोंदणीवाल्यांना हे विवरणपत्र नाही.

आता जीएसटी. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यांना वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी सक्तीची होते. सेवा देणाऱ्यांसाठी ही मर्यादा २० लाख आहे. मसाल्यावर ५ टक्के जीएसटी आहे, पापडावर तो नाही. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. पापड करमुक्त असले तरी तुम्ही मसाला आणि पापड दोन्ही विकत असाल, तर ४० लाखांची मर्यादा मोजताना दोन्हींची विक्री एकत्र धरली जाते. केवळ करमुक्त वस्तूच विकणाऱ्याला मात्र नोंदणीची गरज नाही.

प्रश्न दुसरा: कुठे विकणार?

कोल्हापूरकरांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, गोवा घाट उतरला की. नातेवाईक दोन्हीकडे आणि ग्राहकही. पण जीएसटीसाठी बेळगाव म्हणजे दुसरे राज्य.

करपात्र वस्तू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायची असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी आधी घ्यावी लागते. ४० लाखांची सूट तिथे लागू होत नाही. म्हणजे कोल्हापुरातून पुण्याला दहा लाखांचा मसाला विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण पणजीच्या ग्राहकाला कुरिअरने दोन किलो पाठवून पैसे घेणाऱ्याला लागते. व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवरून ऑर्डर घेतली तरी नियम तोच.

छोट्या व्यावसायिकांसाठी जीएसटीत 'कंपोझिशन' ही सोपी योजना आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या उत्पादकांना आणि व्यापाऱ्यांना तीत १ टक्का कर भरून मोकळे होता येते. पण या योजनेत असताना परराज्यात माल विकता येत नाही. बेळगावचा ग्राहक हवा असेल तर नेहमीची नोंदणीच घ्यावी लागेल.

मोठ्या ऑनलाइन विक्री मंचांचे काय? १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर जीएसटी नोंदणीशिवायही अशा मंचांवरून वस्तू विकता येतात. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

मग 'असू दे' म्हणून जीएसटी आधीच घेऊन ठेवावा का? नोंदणी मोफत आहे, पण ती घेतली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागते. शून्य विक्रीचे '३ बी' विवरणपत्र चुकले तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते. ते एका विवरणपत्रामागे ५०० रुपयांपर्यंत जाते. दर महिन्याला भरणारा वर्षभर विसरला तर १२ गुणिले ५००, म्हणजे ६ हजार रुपये. एक किलोही न विकता. त्यामुळे परराज्यातली विक्री ठरलेली नसेल तर घाई करू नका. ती ठरलेली असेल तर पहिले पाकीट पाठवण्याआधी नोंदणी घ्या.

प्रश्न तिसरा: कुठे बनवणार?

*घरातच बनवणार असाल तर* सर्वांत मोठी भीती वीजबिलाची असते. 'व्यावसायिक दर लावतील' असे सांगितले जाते. राज्य वीज नियामक आयोगाच्या दररचनेत यावर स्पष्ट तरतूद आहे. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू होतो. म्हणून बिलावरचे युनिट दर महिन्याला पाहत जा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीशी आधी बोला. पाकिटे भरणे वेगळे आणि मिरची कुटणे वेगळे. मिरचीचा ठसका शेजारच्या तीन घरांत जातो आणि तक्रारीचे कारण बहुतेक वेळा कागद नसतो, खोकला असतो. कुटण्याचे काम बाहेरच्या डंकावर आणि भरणीचे घरी, अशी विभागणी केली तर हा प्रश्न सुटतो आणि यंत्राचा खर्चही वाचतो.

*गाळा भाड्याने घेणार असाल तर* लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा गाळ्याचे भाडे महिना १२ हजार, मुदत तीन वर्षे आणि परत मिळणारी अनामत ५० हजार आहे.

- तीन वर्षांचे भाडे: ४,३२,००० रुपये
- अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचे: १५,००० रुपये
- एकूण ४,४७,००० रुपयांचे ०.२५ टक्के: साधारण १,११८ रुपये
- नोंदणी शुल्क: शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये

कुणी याहून बरीच मोठी रक्कम 'स्टॅम्पची' म्हणून सांगत असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. एजंटची फी वेगळी असते, ती वेगळीच लिहून घ्या.

गाळ्यात स्वतःचा डंक किंवा चक्की बसवणार असाल तर वीजजोडणीचा अर्ज करताना वर्ग तपासा. पीठगिरणी, डाळगिरणी, पोहेगिरणी आणि मसालागिरणी या लघुदाब औद्योगिक वर्गात येतात. अर्जात 'व्यावसायिक' असे टाकले गेले तर दुकानाचा दर लागतो आणि तो फरक दर महिन्याला खिशातून जातो. हा दुरुस्तीचा अर्ज नंतर करण्यापेक्षा आधीच नीट भरलेला बरा.

यंत्र बसवण्याआधी आणखी दोन ठिकाणी विचारून घ्या. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत त्या जागेवर गिरणी चालवायला हरकत आहे का आणि स्थानिक परवाना लागतो का? आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत तुमचे यंत्र कुठे बसते? पांढऱ्या वर्गातील उद्योगांना मंडळाचे संमतीपत्र लागत नाही, त्यापुढच्या वर्गांना लागते. ही उत्तरे अनामत देण्याआधी हातात असली पाहिजेत.

प्रश्न चौथा: किती जण काम करणार?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ आल्यापासून छोट्या आस्थापनांना पूर्वीसारखा 'शॉप ॲक्ट परवाना' घ्यावा लागत नाही. १० पेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच जपून ठेवायची, एवढेच. २०२५ मध्ये राज्य सरकारने ही मर्यादा २० कामगारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. सूचनेचा खर्च नाममात्र आहे. बँकेत व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडताना ही पोच उपयोगी पडते.

दुकान असेल तर नावाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी आणि तिची अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. २०२२च्या दुरुस्तीनंतर हा नियम १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू आहे. पाटी रंगवायला देण्याआधी हे सांगा, म्हणजे दुसऱ्यांदा खर्च होणार नाही.

पगारी माणसे ठेवली तर व्यवसाय कर कापून भरण्याची जबाबदारी मालकावर येते. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिना ७,५०० रुपयांच्या वर गेला की आणि महिला कर्मचाऱ्याचा २५ हजारांच्या वर गेला की हा कर लागू होतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० कर्मचाऱ्यांपासून लागतो. हाताखाली दोन-तीन बायका असलेल्या मसाला व्यवसायाला सुरुवातीला तो प्रश्न येत नाही.

उत्तर काहीही असो, हे लागतेच

*व्यवसाय कर:* व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला वर्षाला २,५०० रुपये. छोट्या व्यवसायाच्या यादीतली ही सर्वांत मोठी सरकारी रक्कम आहे आणि नेमकी तीच अनेकांना माहीत नसते. महिलांसाठीची २५ हजारांची सूट पगारदारांना आहे, स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या महिलेला नाही. ६५ वर्षांवरील व्यक्तींना या करातून सूट आहे. भरण्याची तारीख ३० जून. ३१ मेनंतर नाव नोंदवले असेल तर नोंदणीपासून एक महिना.

*पाकिटाची नोंदणी:* दळलेला मसाला सुटा विकता येत नाही, तो पाकीटबंदच विकावा लागतो. पाकीट आले की वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे उत्पादक किंवा पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते. शुल्क ५०० रुपये. मालाच्या विक्रीसाठी वापरायचा वजनकाटाही त्यांच्याकडून पडताळून, शिक्का मारून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करायची असते.

*लेबल:* पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, बॅच क्रमांक, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहारी चिन्ह आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. छपाईवाल्याकडे हजारो पाकिटांची ऑर्डर देण्याआधी एक नमुना छापून या यादीशी ताडून पाहा. चुकीच्या लेबलची पाकिटे रद्दीत जातात आणि तो खर्च कुठल्याही शुल्कापेक्षा मोठा असतो.

*उद्यम नोंदणी:* ही कायद्याने सक्तीची नाही, पण करून घ्यावीच. आधार आणि पॅनच्या आधारे होते, कागदपत्रे अपलोड करावी लागत नाहीत आणि शुल्क शून्य. बँक, अनुदान योजना आणि ट्रेडमार्क या तिन्ही ठिकाणी हे प्रमाणपत्र विचारले जाते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला व्यवसाय 'सूक्ष्म' उद्योग ठरतो. म्हणजे घरगुती मसालाही त्यात आला.

याचा आणखी एक फायदा फारसा सांगितला जात नाही. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणाऱ्या दुकानदाराला बिलावरच हे छापून दिले तर फरक पडतो.

एकूण किती झाले?

*घरातून, राज्यातल्या राज्यात, १२ लाखांच्या आत:*

- उद्यम: ०
- जीएसटी: लागत नाही
- एफएसएसएआय, पाच वर्षे: ५०० रुपये
- व्यवसाय कर, एक वर्ष: २,५०० रुपये
- पॅकर नोंदणी: ५०० रुपये
- एकूण: ३,५०० रुपये

नाव जपायचे असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज करता येतो. व्यक्ती किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९ हजार. नोंदणी १० वर्षांची असते. हे धरले तर एकूण ८ हजार.

*गाळा घेऊन, १२ लाखांच्या पुढे:*

- एफएसएसएआय राज्य परवाना, एक वर्ष: ३,००० रुपये
- व्यवसाय कर: २,५०० रुपये
- पॅकर नोंदणी: ५०० रुपये
- भाडेकराराचे मुद्रांक आणि शहरी नोंदणी शुल्क: २,११८ रुपये
- एकूण: ८,११८ रुपये

याच गाळ्याची अनामत आणि तीन महिन्यांचे भाडे मिळून ८६ हजार होतात. म्हणजे सरकारी शुल्क त्या रकमेच्या दहाव्या भागाहूनही कमी. काट्याची पडताळणी, वीजजोडणी आणि स्थानिक परवान्याचा खर्च ठिकाणानुसार आणि क्षमतेनुसार वेगळा धरा.

प्रोप्रायटर की प्रायव्हेट लिमिटेड?

'कंपनी काढ, रुबाब वाटतो' हा सल्ला तरुणांना हमखास मिळतो. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलावर कंपनी नोंदणीचे केंद्राचे शुल्क शून्य आहे, मुद्रांक शुल्क वेगळे. त्यामुळे सुरुवात स्वस्त वाटते.

पण कंपनीला उलाढाल कितीही असो, दर वर्षी सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. आर्थिक पत्रके आणि वार्षिक विवरणपत्र हे दोन फॉर्म वेळेत भरले नाहीत तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क लागते. दोन्ही १८० दिवस राहिले तर ३६ हजार रुपये. व्यवसाय करही कंपनीचा वेगळा आणि प्रत्येक संचालकाचा वेगळा, म्हणजे दोन संचालक असतील तर वर्षाला ७,५००.

प्रोप्रायटरशिपला वेगळी नोंदणी नाही. तुमचे पॅन हेच व्यवसायाचे पॅन. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीला अंदाजित उत्पन्नाची योजना वापरता येते. तीत यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के नफा दाखवावा लागतो. गुंतवणूकदार आणायचा नसेल तर मसाल्यासाठी हा प्रकार पुरेसा आहे. एकच अडचण: व्यवसायाचे कर्ज थकले तर जबाबदारी थेट तुमच्या नावावर येते.

फुकट कामाचे पैसे कुठे जातात?

उद्यम नोंदणीच्या नावासारखीच नावे असलेली अनेक खासगी संकेतस्थळे शोधात वर दिसतात. मांडणी सरकारी वाटावी अशी असते, शेवटी 'प्रोसेसिंग फी' मागितली जाते. सरकारच्या अधिकृत पोर्टलवर स्पष्ट लिहिले आहे की, सरकारी यंत्रणेबाहेरच्या कुठल्याही खासगी संस्थेला ही नोंदणी करण्याचा अधिकार दिलेला नाही.

साधी खूण: उद्यम, फॉसकॉस, जीएसटी आणि राज्याच्या व्यवसाय कराचे पोर्टल, या सगळ्यांचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो. पत्ता तसा नसेल तर आधार क्रमांक टाकू नका आणि आलेला ओटीपी कुणाला सांगू नका.

एजंट घ्यायचाच नाही, असे नाही. मोबाइलवर फॉर्म भरणे सगळ्यांना जमतेच असे नाही आणि मदतीचे पैसे घेणे गैर नाही. पावती मात्र दोन ओळींत मागा: सरकारी शुल्क किती, सेवा शुल्क किती. आणि लॉगिन, पासवर्ड, नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल तुमचाच हवा. एजंटचा क्रमांक दिला तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीसाठी त्याच्याच दारात जावे लागते.

मग खरा खर्च कोणता?

समजा तुम्हाला महिन्याला ५० किलो मसाला विकायचा आहे. वर्षाचे ६०० किलो. मिरची, खोबरे, कांदा, लसूण, तेल, गरम मसाला आणि कुटणावळ मिळून किलोला ३०० रुपये धरू. सगळा मसाला हंगामात एकदम केला तर मेअखेर १ लाख ८० हजार रुपये गुंतले.

जूनपासून ५०० रुपये किलोने विक्री सुरू झाली तर महिन्याला २५ हजार येतात. डिसेंबरअखेर १ लाख ७५ हजार जमा होतात. म्हणजे घातलेले पैसे परत यायला जानेवारी उजाडतो. पाकीट, कुरिअर, दुकानदाराचे कमिशन आणि उधारी अजून धरलेलीच नाही.

हेच पैसे महिना २ टक्क्यांनी बाहेरून उचलले असतील तर पहिल्या महिन्याचे व्याज ३,६०० रुपये. वर्षभराच्या सगळ्या सरकारी शुल्कापेक्षा जास्त. छोटे व्यवसाय बंद पडतात ते इथे, लायसन्सच्या खिडकीवर नाही.

म्हणून पहिल्या हंगामात १०० किलोच करा. ३० हजारांत बसते. किती पाकिटे परत आली, कोणत्या दुकानदाराने पैसे थकवले आणि चार महिन्यांनी मसाल्याचा रंग-वास कसा राहिला, हे त्यातून कळते. पुढच्या वर्षीचा आकडा त्यावरून ठरवा.

कर्ज आणि अनुदान कुठे मिळते?

*मुद्रा:* 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्ज, तारणाशिवाय. खेळत्या भांडवलासाठी हा पर्याय आधी पाहा.

*प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना:* प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान. राज्यात कृषी विभाग ती राबवतो. तीन लाखांचा प्रकल्प असेल तर स्वतःचे किमान ३० हजार, उरलेले २ लाख ७० हजार बँकेचे कर्ज आणि अनुदान १ लाख ५ हजार. मात्र हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेतच राहते आणि कर्जाचे हप्ते नीट चालले तर तीन वर्षांनी कर्जात वळते होते. बचत गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाचीही तरतूद आहे. अर्जासाठी मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीचे मानधन योजनेतून मिळते, अर्जदाराने द्यायचे नसते. योजनेची मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. त्यापुढे अर्ज करणार असाल तर मुदत वाढली आहे का, हे आधी कृषी कार्यालयात विचारा.

*मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम:* प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ ते १० टक्के. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा.

अनुदान आहे म्हणून मोठे यंत्र घेऊ नका. हप्ता पहिल्या महिन्यांतच सुरू होतो, अनुदान तीन वर्षांनी दिसते.

कामे कोणत्या क्रमाने करायची?

१. चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा.
२. उद्यम नोंदणी करा.
३. एफएसएसएआय नोंदणी घ्या.
४. शॉप ॲक्टची सूचना द्या आणि चालू खाते उघडा.
५. व्यवसाय करासाठी नाव नोंदवा.
६. पॅकर नोंदणी, काट्याची पडताळणी आणि मग लेबलची छपाई.
७. परराज्यात विक्री ठरली तरच, आणि पहिल्या पाकिटाआधी, जीएसटी.
८. ३० जून आणि एफएसएसएआय संपण्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. जीएसटी घेतला असेल तर त्याच्या तारखाही.

यातली बहुतेक कामे घरबसल्या मोबाइलवर होतात. मिरची बाजारात येण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत ती उरकली तर हंगामात लक्ष मसाल्यावर देता येते. आणि हातातले पैसे एजंटऐवजी चांगल्या मिरचीवर खर्च होतात.